रोलरनानांची शिकवणी

रोलरनाना चालत्या रोलरवरून खाली उतरायचे. रोलर थांबवून नव्हे. तो आपला धडधडत पुढे चाललेला असायचा आणि नाना धोतराचा सोगा सावरत, पायरीवर पाय टेकवून अलगद जमिनीवर. मग बैलाच्या शेजारून धनी चालतो तसे त्याच्या कडेकडेने चालत ते तंबाखू मळायचे, दाढेखाली सारायचे, हात झटकायचे आणि पुन्हा वर चढून बसायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बिनमाणसाचा रोलर अंगावर येतो आहे असं वाटून जीपमध्ये बसल्या बसल्या डोळे गच्च मिटून घेतले होते. बऱ्याच वेळाने उघडले, तर तो होता तिथून जेमतेम दोन पावलं पुढे सरकला होता. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, “नाना, एखाद दिवशी पळून गेला तर?”

“जातंय कुठं?” नाना म्हणाले. “गेलंच तर चालत जाऊन गाठीन की.”

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडे, आणि गावापासून मोठ्या सडकेपर्यंत दुष्काळी कामावर नवा रस्ता होत होता. होत होता म्हणजे बाया दिवसभर दगड फोडायच्या, पुरुष मुरूम ओढायचे आणि त्या फुटलेल्या खडीवरून नानांचा रोलर जायचा-यायचा. रान सगळं भुरकट पडलेलं. बाभळीचा पालासुद्धा लोकांनी ओरबाडून शेळ्यांना घातला होता. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा. त्या उघड्या माळावर एका ताडपत्रीखाली नानांचा संसार मांडलेला असे : एक स्टो, एक बादली, एक वळकटी. अंगात सरकारने दिलेला खाकी शर्ट, खाली स्वतःचं धोतर. बायको तिकडे कर्जतकडच्या गावात. त्यांचं खरं नाव कोणी विचारत नसे. मला ते शेवटी इस्पितळात कळलं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असावं असं वाटलं.

अशा त्या माळावर मी काय करत होते, तर मोटार शिकत होते. तेव्हाची मी आठवली की माझा मलाच कान पिळावासा वाटतो. वय चोविशीचं, कॉलेजात दोन वर्षं जाऊन आलेली, नवरा डॉक्टर, दारात लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जीप. ती सुरू कशी करतात हे ठाऊक नव्हतं तेव्हाच मी तिच्या बॉनेटला टेकून, काळा चष्मा लावून फोटो काढून घेतला आणि माहेरी धाडला. फोटोत मी मान वर करून दूरवर कुठेतरी पाहते आहे. जिथे पाहते आहे तिथे आमचा उकिरडा होता.

पण शिकण्याचं कारण चष्म्याचं नव्हतं. डॉक्टरांना फिट येत असे. दवाखाना गावात असला तरी पोट चालायचं ते आसपासच्या वाड्यावस्त्यांवर. रोज जीप घेऊन ते निघायचे. एकदा मी शेजारी बसले असताना जीप रस्ता सोडून पडीक रानात शिरली आणि बांधाला अडून थांबली. डॉक्टरांचे डोळे वर गेले होते, तोंडाला फेस आला होता. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी रुमालाने तोंड पुसलं आणि कोणी पाहिलं का म्हणून चारी बाजूंना नजर टाकली. मग म्हणाले, “हे आपल्या दोघांत राहू दे. लोकांना कळलं तर उद्यापासून कोणी माझ्या हातात नाडी देणार नाही. म्हणतील, डॉक्टरलाच बाहेरचं झालंय.” ड्रायव्हर ठेवावा, तर तो कधी ना कधी पाहणार आणि पारावर जाऊन सांगणार. गोळ्या चालू होत्या, पण त्यांचा भरवसा नव्हता. तेव्हा स्टिअरिंगच्या चाकामागे बसायला मीच उरले. गावाला वाटलं, ऐन दुष्काळात डॉक्टरीणबाईंना नखरे सुचताहेत. वाटू दिलं. ते सोयीचं होतं.

आधी मी नगरला मावशीकडे राहून एका मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. त्यांना सर म्हणायचं. सरांच्या हातात कायम एक पाना असे. गिअर चुकला की तो बोटांच्या पेरांवर बसायचा. गिअर बरोबर पडला की सरांचा हात माझ्या हातावर बसायचा आणि उठायला वेळ लावायचा. दोन्हींतलं वाईट कुठलं ते मला ठरवता आलं नाही. “बायकांनी मोटारीत मागे बसावं, मागची सीट त्याचसाठी असते,” हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यावर ते स्वतः हसायचे, आणि मी कॉलेजात जाऊन आलेली विदुषी, मीही हसायची.

एका सकाळी बाजाराच्या तोंडाशी समोरून टांगा आला. सर माझ्या कानाशी इतक्या जोरात ओरडले की मी ब्रेक सोडून भलत्याच गोष्टीवर पाय दिला. टांग्याचं घोडं आडवं झालं. त्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. सर खाली उतरले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, “मी नकोच म्हणत होतो. बाईंनी हट्ट धरला.” टांगेवाला घोड्याची मान मांडीवर घेऊन रस्त्यात बसला आणि त्याच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलत राहिला. ते घोडं पुन्हा उठलं नाही.

गावी परतले ती रिकामीच. चाकाला हात लावला की मनगटाच्या पुढे हात माझे राहत नसत, थरथरायला लागत. डॉक्टर म्हणाले, “राहू दे.” त्या राहू देचा अर्थ आम्हा दोघांना कळत होता. तेच चालवत राहणार, आणि एक दिवस जीप अशा जागी रस्ता सोडणार की तिथे बांध नसेल. आमच्या वाटेवर विहिरी पुष्कळ होत्या, आणि त्या साली सगळ्याच कोरड्या. म्हणून दुपारी डॉक्टर जरा आडवे झाले की मी जीप बाहेर काढायची, पहिल्या गिअरमध्ये रडतखडत नव्या रस्त्यापर्यंत न्यायची, आणि तिथे ती बंद पडायची.

एके दिवशी ती पसरलेल्या खडीत, बरोबर रोलरच्या वाटेत बंद पडली. मी डोळे मिटले ते तेव्हाच. उघडल्यावर चाकावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागले. दगड फोडणाऱ्या बायांचे हातोडे थांबले. त्यांच्यात सोनाबाई म्हणून एक तिखट जिभेची बाई होती. ती म्हणाली, “मोटार बंद पडली तर येवढं? आमचं तर घरच बंद पडलंय, बाई.” सगळ्या हसल्या. नाना रोलरवरून उतरले, जीपशी येऊन उभे राहिले आणि तंबाखू मळत राहिले. माझं रडं सरत आल्यावर म्हणाले, “मला ऐकू कमी येतं. ह्या यंत्राच्या आवाजानं कान गेले. तवा आनखी रडायचं आसंल तर रडून घ्या. मला त्याचा तरास न्हाई.”

स्वतःचा आवाजही त्यांना धड ऐकू येत नसावा, कारण ते बोलायचे अगदी हळू; माणसाला वाकून कान द्यावा लागे. ओरडणं म्हणून त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांना काही सांगायचं तर मात्र समोरच्याला ओरडावं लागे. त्यामुळे मी नगरची हकिगत त्यांना सांगितली ती कामावरच्या सगळ्या बायांनी ऐकली. नवऱ्यालाही मी ती एवढी नीट सांगितली नव्हती. नाना शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“घोडं मेलं,” ते म्हणाले. “वाईट झालं.” मग त्यांनी रोलरकडे बोट केलं. “हितं घोडं न्हाई. या वर.”

आणि त्यांनी मला रोलरवर चढवलं.

रोलरला घाई अशी माहीतच नव्हती. मधे एक दांडा. पुढे ढकलला की रोलर पुढे, मागे ओढला की मागे, मधे धरला की उभा. चाक मात्र खांदे भरून येईपर्यंत फिरवत राहावं लागे, तेव्हा कुठे पुढचा रूळ मनावर घेऊन हातभर वळायचा. “लई गुनाचं यंत्र हाय,” नाना म्हणत. “चूक कराया घेतली तर ती हुईस्तवर मानसाच्या ध्यानात येतं.” कितीतरी दुपारी मी त्यांच्या शेजारी उभी राहून ते चाक फिरवलं. हात कापायचे, पण रोलर स्वतःच एवढा कापायचा की माझे हात कापताहेत हे कळायला मार्ग नव्हता. अशाच एका दुपारी उतरून घरी आले, पाण्याचा तांब्या उचलला, आणि लक्षात आलं की तो हलत नाही.

गावाने तोंडात बोटं घातली. डॉक्टरांची बायको रोलर हाकते हे पाहायला शेजारच्या वाडीची माणसं येऊन बसायची. सोनाबाई खालून म्हणायची, “डाक्टरीनबाई, वाईच आमच्या घट्ट्यांवरनं बी फिरवा.” एकदा मी उतरून तिच्याजवळ गेले तर तिने हात पुढे केला. तळव्याला पडलेल्या चिरांत दगडाची भुकटी इतकी बसली होती की हात कुठला आणि खडी कुठली हे सांगता येऊ नये. मी चष्मा काढून पिशवीत टाकला तो पुन्हा बाहेर काढला नाही. ऊन लागायचं, तरी.

मग नानांनी फर्मावलं की आता मोटारीवर. ते माझ्या शेजारी बसले, हुडाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, “चला.” मी निघाले. बरी निघाले. इतक्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई समोरून आडवी आली.

“थांबवा,” नाना म्हणाले.

“कशी?”

“कशी म्हंजे? दांडा मागं घाला.”

मी पडले आज्ञाधारक. चालत्या जीपचा गिअर मागे घालायला ओढला. जीपच्या पोटातून जो आवाज आला तो नानांनाही ऐकू गेला. हिसके देत जीप खडीच्या ढिगात जाऊन रुतली. पाटीवाली बाई कधीच बाजूला झाली होती आणि आम्हाला शिव्या देत होती. धूळ खाली बसली.

“रोलर आसाच थांबतो,” नाना म्हणाले.

माझ्या मनात एक शंका आली. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “नाना, तुम्ही मोटार कधी चालवली आहे का?”

“मोटार व्हय? न्हाई बा. यष्टी सोडली तर मोटारीत बसलो बी आजच.”

“मग शिकवायला कशाला बसलात?”

“तुमी कुठं इचारलं?” नाना म्हणाले.

हे खरंच होतं. कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या बाईने जन्मभर बैलाच्या चालीने गेलेल्या माणसाला गुरू केलं होतं, आणि चाक गोल दिसलं एवढ्यावर केलं होतं. दुसरी कोणी असती तर तिने तिथेच नमस्कार केला असता. पण मला तोवर एक गोष्ट कळली होती. हा माणूस शेजारी असला की माझे हात स्थिर राहतात. मोटारीचं ज्ञान काय, ते कुठूनही आणता येईल.

ते मी घरून आणायला लागले. सकाळी चहा पिताना डॉक्टरांना विचारायची, दुपारी नानांना ओरडून सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी नाना तेच मला बजावायचे, जन्मल्यापासून आपल्याला ठाऊक असल्यासारखे. “क्लच दाबल्याबिगर दांड्याला हात लावायचा न्हाई. किती येळा सांगायचं तुमाला.” वेगाची मात्र त्यांना मनापासून भीती. जीप जरा पळू लागली की ते डोळे मिटून गावच्या देवाचं नाव घ्यायला लागत. एखादा सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला की मी चिडायची. नाना म्हणायचे, “जाऊ द्या त्याला. त्याला काम आसंल.”

थंडी सरेपर्यंत मी डॉक्टरांना घेऊन वाड्यावस्त्या फिरू लागले होते. लोक म्हणायचे, डॉक्टर बायकोच्या ताब्यात गेले. डॉक्टर हसायचे. वाटेत त्यांना बरं वाटेनासं झालं की मी जीप एखाद्या झाडाखाली घ्यायची, हुडाचे पडदे सोडायची आणि बाहेर रेडिएटर उघडून उभी राहायची. येणाजाणाऱ्याला वाटे, बाईंनी गाडी तापवली. असे आम्ही तरलो. नानांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या कानात ओरडून सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

मग उन्हाळा आला. खडी दाबायची म्हणजे तिच्यावर पाणी मारावं लागतं, आणि रस्त्याचा टँकर वेळेवर यायचा. तो जुन्या खाणीत साचलेलं हिरवट पाणी आणायचा. माणसांचा टँकर यायचा तेव्हा यायचा. एकदा तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कामावरच्या बाया घागरी घेऊन रोलरपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची पोरं जिभेने ओठ चाटत होती. मुकादम म्हणाला, रस्त्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. नानांनी उतरून टँकरचा नळ सोडला. “रस्ता काय, उद्या बी हितंच आसंल,” म्हणाले. सगळ्यांच्या घागरी भरल्यावर स्वतःची बादलीही त्यांनी त्यातच भरली. सोनाबाई कधी नव्हे ती थट्टा न करता त्यांच्या पाया पडली. त्या दिवशी रोलर कोरड्या खडीवरून फिरला आणि धुरळ्यात माणूस माणसाला दिसेना.

दोन दिवसांत कामावर उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टर ताडपत्रीखाली ठाण मांडून बसले, एकाची सलाईन काढून दुसऱ्याला लावत. त्यांनी नानांना फैलावर घेतलं, “निदान उकळून तरी प्या म्हणायचं.” नाना म्हणाले, “कशावर उकळाया लावू, डाक्टर? घासलेट संपलंय, माळावर काटकी हाय का?” सोनाबाई गेली. तिच्यामागे एक म्हातारा आणि एक तान्हं मूल गेलं.

सोनाबाईचा नवरा तिला पोचवून सरळ कामावर आला आणि रोलरवर दगड मारायला लागला. खडीला तोटा नव्हताच. नाना ताडपत्रीखालून बाहेर आले आणि रोलरच्या पुढे जाऊन उभे राहिले. एक दगड त्यांच्या खांद्यावर बसला. सोनाबाईचा नवरा हात खाली करून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “नाना, तूच पाजलंस तिला.”

“व्हय,” नाना म्हणाले. हे त्यांना एका फटक्यात ऐकू आलं होतं.

मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर त्यांनी तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वळकटीवर पडून होते, डोळे खोल गेलेले, हातापायात गोळे आलेले. त्यांनाही जुलाब लागले होते, आणि त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. उरलेली एक लावून ते म्हणाले, “नगरला न्यायला पाहिजे. आत्ता.” मागच्या बाजूला वळकटी पसरून आम्ही नानांना निजवलं. बाटली हुडाच्या दांड्याला बांधली. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसले आणि मी निघाले.

ऐन दुपार. जामखेड मागे पडलं. इतक्या वेगाने मी कधी चालवली नव्हती, आणि नाना डोळे मिटून देवाचं नाव घेत नव्हते, ते नुसते पडून होते. डॉक्टर कित्येक रात्री झोपले नव्हते हे मला ठाऊक होतं. तरी मागून पत्र्यावर टाचा आपटल्याचा आवाज आला तेव्हा काय झालं हे कळायला मला क्षणभर लागलं. मग कळलं. माझा पाय ब्रेककडे गेला.

“थांबू नका,” मागून नानांचा आवाज आला. तो आवाज इतका बारीक होता की इंजिनातून कसा ऐकू आला कोण जाणे. “मी धरलंय त्यांना.”

मी एकदाच मान वळवली. ज्याला कूस बदलण्याचं बळ नव्हतं, तो माणूस डॉक्टरांवर ओणवा झाला होता. एका हाताने त्यांचं डोकं पत्र्यावर आपटू नये म्हणून छातीशी आवळून धरलं होतं, आणि दुसऱ्या हाताने स्वतःची चप्पल त्यांच्या नाकाशी लावली होती. आमच्याकडे फिट आलेल्याला चप्पल हुंगवतात. सलाईनची नळी नानांच्या हातातून निसटली होती आणि लोंबत होती, तिचं पाणी पत्र्यावर गळत होतं.

“नाना, नळी,” मी ओरडले.

“फुडं बघा,” नाना म्हणाले.

मी पुढे पाहिलं. बऱ्याच वेळाने टाचांचा आवाज थांबला. डॉक्टरांचा घोरण्यासारखा श्वास ऐकू यायला लागला. मग नाना पुन्हा बोलले.

“बाई, चप्पल लावली म्हनून डाक्टरांना सांगू नका. त्यांना आवडायचं न्हाई.”

“नाही सांगणार,” मी ओरडून म्हणाले. ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, मला सांगता येत नाही.

इस्पितळाच्या दारात डॉक्टर भानावर आले, उतरले, तोंड पुसलं आणि नानांच्या स्ट्रेचरबरोबर आत गेले, नेहमीसारखे ताठ. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यांचा मोठा भाऊ कर्जतकडून आला आणि सगळं नगरलाच उरकून परत गेला. गावी परत येताना डॉक्टरांनी मला विचारलं, “नळी कधी निघाली?”

“खड्ड्यात,” मी म्हणाले. “रस्ताच तसला होता.”

आता डॉक्टरांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. चप्पल मी त्यांना सांगितली नाही.

नगरहून परतल्यावर माझे हात पुन्हा कापायला लागले. जीप दारातून काढायची म्हटलं की मी दुसरंच काही काम शोधायची. कशीबशी काढली तरी एखाद्या आजाऱ्याला चालवावं तशी चालवायची. डॉक्टर शेजारी बसून रस्त्याकडे पाहत राहायचे. दूरच्या वस्त्या आम्ही एकेक करून सोडून द्यायला लागलो. बायकांनी मागे बसावं हे नगरच्या सरांचं म्हणणं खरं होतं, असं मला वाटू लागलं होतं.

असे दिवस चालले असताना नानांची बायको त्यांचं सामान न्यायला आली. एकटीच, यष्टीने. उंच, वाळलेली, पायांत वहाणा नाहीत. तिच्या रिकाम्या कपाळाकडे पाहवेना. स्टो, बादली आणि वळकटी घेऊन ती आमच्या ओट्यावर परतीच्या यष्टीची वाट पाहत बसली. त्या दिवशी डॉक्टर अंथरुणावर होते. सकाळीच त्यांना फिट येऊन गेली होती. ते आतून म्हणाले, “तू सोडून ये त्यांना. पार घरापर्यंत.”

“मी एकटी?”

“एकटी कुठे? त्या आहेत की.”

मी जीप काढली. नानांच्या बायकोला मी काकू म्हणू लागले होते; त्या पुढे माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर स्टो. नव्या रस्त्यावरून जाताना कडेला रोलर उभा होता. दुसरा माणूस अजून आलेला नव्हता.

“ह्येच व्हय ते?” काकूंनी विचारलं.

“हो. तुम्ही पाहिला नव्हता?”

“कवा बघनार? ते महिना-दोन महिन्यांनी यायचे, हातपाय धुवायचे आन झोपायचे.” मान वळवून वळवून त्या रोलरकडे पाहत राहिल्या, तो दिसेनासा होईपर्यंत.

जामखेड ओलांडून कर्जतच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना उघडी रानं, मधे कुठे एखादं जनावराचं हाडूक. मी चाक घट्ट धरून बसले होते. काकू बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या.

“तुमाला ह्येंनी शिकवलं म्हनं.”

“हो, काकू.”

“मंग बराबर हाय.”

“काय बरोबर?”

“मघाशी ती बैलगाडी आपल्या फुडं गेली.”

मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहिलं तर काकूही हसत होत्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. “काय सांगू तुमाला,” त्या म्हणाल्या. “बाजाराला जायचं तर ते फुडं, मी मागं. रीतच हाय ती. पर मला मधी मधी उभं ऱ्हावं लागायचं. न्हाई तर मीच फुडं जायची, आन लोक नावं ठेवायची.”

रस्ता सरळ होता, पार क्षितिजापर्यंत मोकळा.

“वाईच जोरात घ्या की, बाई,” काकू म्हणाल्या. “सगळा जलम त्येंच्या चालीनं गेला.”

मी पाय दाबला. जीप थरथरली आणि पळू लागली. वाऱ्याने काकूंच्या डोक्यावरचा पदर मागे गेला. तो त्यांनी सावरला नाही. स्टो दोन्ही हातांनी धरून त्या समोर पाहत होत्या.

“आनखी,” त्या म्हणाल्या.